मॉरिशस आशियात येतं का

विश्रामबाग, सांगली
२४ जून २०२४

प्रिय शंभूराज,

नमस्कार. तुझ्या कानांची तक्रार वाढल्याचं संयोगिताने फोनवर सांगितलं. सुनेच्या मार्फत बोलण्यापेक्षा पत्र बरं, म्हणून लिहितो आहे. मलाही हल्ली फोनवर फारसं बोलता येत नाही.

काम असं आहे. मी आणि राजेश्वरी चार-पाच दिवस मॉरिशसला जाऊन यावं म्हणतो. राजेश्वरीच्या मनात आहे. तिकिटांचं बघितलं आहे. प्रवासाचा विमा काढायला संगणकावर बसलो, तर पहिल्याच पानावर विचारतात, प्रदेश निवडा. आशिया, युरोप, अमेरिका-कॅनडा वगळून सर्व जग, आणि सर्व जग. चुकीचा प्रदेश निवडल्यास दावा मान्य होणार नाही, असं खाली बारीक अक्षरात होतं. मी तिथेच थांबलो. फौजेतून आल्यापासून तू विम्याची एजन्सी चालवतोस, तेव्हा परक्याला विचारण्यापेक्षा तुला विचारावं.

मॉरिशससाठी कोणता प्रदेश निवडायचा, तेवढं नक्की कळव.

आमच्या दोघांच्या प्रकृती ठीक आहेत. मागच्या खेपेला तू फाटकाबद्दल बोलला होतास. ते अजून दुरुस्त केलेलं नाही. बिजागरी खचल्यामुळे फरशीवर घासतं, पण जरा उचलून उघडलं तर आवाज होत नाही. येणाऱ्याला ते माहीत नसतं, एवढंच.

तुझा
सुमंत


वडूज
१ जुलै २०२४

प्रिय सुमंता,

पत्र वाचून लय बरं वाटलं गड्या. दोनदा वाचलं आणि संयोगिताला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मामंजी, हळू वाचा, शेजारच्यांनासुद्धा मॉरिशस कळलं." माझा आवाज किती मोठा होतो ते मला कळत नाही, ते तिला कळतं.

स्पष्ट लिहितो. राजस गेल्यापासून तुम्ही दोघं आई-बाप घराबाहेर पडला नाहीत. मी दोन वर्षांमागं आलो होतो तेव्हा वहिनी चहा ठेवून गॅस लावायला विसरल्या होत्या आणि तू कोऱ्या पेपरासारखा बसला होतास. तेव्हापासून मला रुखरुख होती. आता तुम्ही समुद्राकाठी वाळूत बसणार, नारळपाणी पिणार, हे ऐकून मला वडूजच्या चौकात पेढे वाटावेसे वाटले. तू शाळेत सहलीची वर्गणी भरून ऐन दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी बसणारा माणूस. वहिनींनीच ओढून काढलं असणार.

तर मॉरिशस म्हणजे आशिया. अगदी निर्धास्त राहा. तिथं आपली माणसं हायेत. पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात, गणपती बसवतात, त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. आपल्याला व्हिसा लागत नाही. समुद्रसुद्धा हिंदी महासागरच. मग आशिया नाही तर काय? संयोगिता माहेरी कुंडलला गेली आहे, आली की संगणकावर भरून टाकेल. तारखा तेवढ्या कळव.

आणि फाटक दुरुस्त कर की रं. मागच्या वेळी मी ओढलं तर सगळी गल्ली बाहेर आली. मला ऐकू आलं नाही, पण लोकांची तोंडं दिसली.

तुझा
शंभूराज


विश्रामबाग, सांगली
९ जुलै २०२४

प्रिय शंभूराज,

पत्र मिळालं. तारखा अशा. निघायचं २९ सप्टेंबरला, परत ४ ऑक्टोबरला.

प्रदेशाबद्दल मला शंका आहे. मी नकाशा काढून बघितला. पाटबंधारे खात्यात जन्मभर मोजणी केली, त्यामुळे नकाशा बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मॉरिशस मादागास्करच्या पूर्वेला आहे. ते आफ्रिकेत धरतात. तिथे कोण राहतं, कोणती भाषा बोलतं, यावरून विमा कंपनी प्रदेश ठरवत नसावी. एकदा खात्री करून घे.

दुसरं. मॉरिशसच्या नैर्ऋत्येला रीयुनियन नावाचं आणखी एक बेट आहे. तिथे जायचं झालं तर तोच विमा चालतो का? आणि दोन बेटांच्या मधल्या समुद्रात असताना कोणता प्रदेश धरतात?

तू 'राजस गेल्यापासून' असं लिहिलं आहेस. तुझा हेतू चांगला आहे हे मला माहीत आहे. पण आम्ही घरात तो शब्द वापरत नाही. 'बोटीवर आहे' असंही म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. तुझं पत्र मी टेबलावर ठेवलं होतं, ते राजेश्वरीने वाचलं की नाही मला कळलं नाही. म्हणून यापुढे तेवढं सांभाळ.

तुझा
सुमंत


वडूज
१७ जुलै २०२४

प्रिय सुमंता,

तुझी शंका खरी निघाली. संयोगिताने कंपनीचा तक्ता उघडून माझ्यासमोर धरला. मॉरिशस आशियाच्या यादीत नाही. "आवं मामंजी, गणपती बसवला म्हणून बेट सरकून हिकडं येतंय व्हय?" असं म्हणाली, आणि दिवसभर जाता-येता हसत होती. आशिया भरलं असतं आणि तिथं तुम्हाला काही झालं असतं, तर कंपनीने कागद परत पाठवला असता आणि मी तुला तोंड दाखवू शकलो नसतो. नशीब तुझा नकाशा.

तर तुम्हाला 'अमेरिका-कॅनडा वगळून सर्व जग' हे घ्यायला पाहिजे. हप्ता थोडा जास्त बसेल. रीयुनियनचं विचारलंस. ते बेट फ्रान्सचं. आहे आफ्रिकेजवळ, पण कारभार फ्रान्सचा, व्हिसा वेगळा. विम्यापुरतं म्हणशील तर दोन्ही बेटं या एकाच प्रदेशात बसतात. मधल्या पाण्याचं मात्र तक्त्यात काही नाही. संयोगिताने कंपनीला विचारलं, तर पलीकडचा पोरगा म्हणाला, "मॅडम, कस्टमर पाण्यात काय करणार आहे?"

मीही तेच विचारतो. पाण्यात तुझं काय काम आहे?

आणखी एक. तारखा बघून मी कॅलेंडर काढलं. २ ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या आहे. अरे, पितृपंधरवड्यात कोण सहलीला जातं? त्या पंधरा दिवसांत माणसं नवी चप्पल घेत नाहीत. वहिनी असल्या बाबतीत काटेकोर, हे मला माहीत आहे. तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून घेतलीस म्हणावं, तर तू तसा माणूस नव्हेस.

तू काहीतरी गाळून लिहितोयस सुमंता. मोजणी करणाऱ्या माणसानं आकडा गाळला की मला कळतं.

शब्दाचं सांभाळतो. चुकलं माझं.

तुझा
शंभूराज


विश्रामबाग, सांगली
२९ जुलै २०२४

प्रिय शंभूराज,

इकडे कृष्णेचं पाणी वाढलं आहे. आयर्विन पुलावर लोक पाणी बघायला जमतात. मी जात नाही. विश्रामबागेपर्यंत पाणी येत नाही, तेव्हा काळजी नको.

तू विचारलंस म्हणून लिहितो. राजसची बोट मॉरिशसहून निघून रीयुनियनकडे चालली होती, हे मी तुला त्या वेळी सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. 'समुद्रात' एवढंच सगळ्यांना माहीत आहे. तो संध्याकाळी जेवायला सगळ्यांबरोबर होता. सकाळी इंजिनरूममध्ये कामावर आला नाही, तेव्हा शोध सुरू झाला. बोट मागे फिरवली, विमानाने बघितलं. नंतर कंपनीने त्याची बॅग पाठवली आणि एक पत्र. पत्रात बोटीचे अक्षांश-रेखांश होते. ती जागा मी नकाशावर काढली. ती मॉरिशसपेक्षा रीयुनियनला जवळ आहे. तिथला प्रवाहही पश्चिमेकडे, म्हणजे त्या बेटाकडेच जातो.

मी वेडा झालेलो नाही. शक्यता मोजणं हे माझं काम होतं. शक्यता कमी आहे. शून्य नाही. तो पोहणारा होता. परक्या देशाचं बेट, परकी भाषा, डोक्याला मार लागून कोणाला नाव सांगता येत नसेल, असं झाल्याची उदाहरणं आहेत.

तेव्हा मला तिघांचा विमा हवा आहे. तिसऱ्याचं नाव तुला माहीत आहे. त्याचा पासपोर्ट बॅगेबरोबर परत आला, त्याची मुदत अजून संपलेली नाही. परत येताना तो आमच्याबरोबर असला, तर त्याच्याकडे कागद असावेत.

परतीची तारीख लिहिणं आवश्यक आहे का, तेही कळव. ती मोकळी ठेवता आली तर बरं.

हे सगळं राजेश्वरीसाठी चाललं आहे. रोज संध्याकाळी ती वरांड्यात येऊन बसते. फाटक वाजतं म्हणून. म्हणजे फाटक वाजत नाही, फक्त कडी वाजते. ओढलं तर फरशीवर घासल्याचा आवाज होईल. तसा होत नाही. कोणीतरी उचलून उघडल्यासारखं होतं आणि कडी पडते. तसं उघडायची सवय घरात एकालाच होती. तो लहानपणी उशिरा घरी यायचा, आम्हाला कळू नये म्हणून फाटक उचलून आत यायचा. कडीने मात्र दर वेळी पकडला जायचा.

तिला ऐकू येतं की नाही हे मी विचारलेलं नाही. पण ती बसते.

तुझा
सुमंत


वडूज
६ ऑगस्ट २०२४

राजेश्वरीवहिनींना शंभूराजचा नमस्कार.

हे पत्र तुमच्या शेजारच्या शकुंतलाताईंच्या पत्त्यावर पाठवतोय, कारण ते सुमंताच्या हाती पडायला नको. त्याच्या पाठीमागं तुम्हाला लिहिण्याची ही पहिलीच वेळ. राग मानू नका.

त्यानं मला तिघांचा विमा मागितलाय. परतीची तारीख कोरी ठेवायची म्हणतो. तुमचा आग्रह आहे, तुम्ही संध्याकाळी फाटकाकडं कान लावून बसता, असं त्यानं लिहिलंय. वहिनी, मी तुम्हाला ओळखतो. तुम्ही असा आग्रह धराल हे मला पटत नाही. पण दुःखात माणूस कसा वागेल ते सांगता येत नाही, हेही मी बघितलंय.

मला भीती एकच आहे. तो तिथं गेला तर परत येणार नाही. पाण्यात जाईल असं नव्हे. तो त्या दुसऱ्या बेटावर खोली घेऊन वर्षानुवर्षं इस्पितळं शोधत बसेल, आणि त्याच्याबरोबर तुम्हीही.

तुम्ही म्हणाल तर मी विमा अडवून धरतो. कागद हरवला म्हणतो, साइट बंद आहे म्हणतो. खरं काय ते कळवा.

तुमचा
शंभूराज


सांगली
१६ ऑगस्ट २०२४

शंभूराजभावोजींना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र शकुंतलाताईंनी भाजीच्या पिशवीतून आणून दिलं. त्यांच्याकडे बसूनच उत्तर लिहिते आहे. त्या आत कुकर लावताहेत आणि मला त्रास नको म्हणून उगाच भांडी वाजवताहेत.

जायचं मीच म्हटलं होतं, हे खरं आहे. पण का ते ह्यांना कळलं नाही. सर्वपित्रीला तिथे जाऊन राजसला तिळाचं पाणी द्यायचं आणि परत यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. त्याची तिथी नक्की सांगता येत नाही, संध्याकाळी होता आणि सकाळी नव्हता. म्हणून सर्वपित्री. वाईच्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, देह मिळाला नाही, तेव्हा बारा वर्षं वाट बघावी आणि मग पळसाच्या पानांचा देह करून विधी करावा. बारा वर्षं! भावोजी, ह्यांची बारा वर्षं अशी निघाली तर पानांचे देह दोन करावे लागतील.

वरांड्यात मी बसते, कारण ते बसतात. पाच वाजले की खुर्ची फाटकाकडे तोंड करून घेतात आणि पेपर धरतात. पान उलटत नाहीत. कोणी फाटक ओढून आलं की चेहरा उतरतो. एकीकडे तो रोज घरी येतो म्हणून कान लावतात, दुसरीकडे त्या बेटावर सापडेल म्हणून नकाशा काढतात. दोन्ही खरं कसं असेल, असं मी विचारत नाही. विचारलं तर दोन्ही जाईल आणि त्यांच्याकडे काहीच उरणार नाही.

फाटक दुरुस्त करायला मी दोनदा मिस्त्री बोलावला. दोन्ही वेळा ह्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

विमा अडवू नका. जाऊ द्या आम्हाला. फक्त परतीची तारीख पक्की लिहा. तुम्ही लिहिलेली तारीख ते पाळतील. माझी नाही पाळणार.

आणखी एक सांगते, ते ह्यांना कधीही सांगू नका. कडी मलाही ऐकू येते. पहिल्यापासून. पण मी हो म्हटलं तर ते त्या खुर्चीतून कधीच उठणार नाहीत. म्हणून मी ऐकू न आल्यासारखी बसते. ते फार अवघड आहे.

राजेश्वरी


वडूज
३ सप्टेंबर २०२४

प्रिय सुमंता,

उत्तराला उशीर झाला. लिहून फाडली, अशी दोन-तीन पत्रं झाली.

सोबत विम्याचे कागद आहेत. प्रदेश, अमेरिका-कॅनडा वगळून सर्व जग. दोन्ही बेटं त्यात आली. निघण्याची तारीख २९ सप्टेंबर, परतीची ४ ऑक्टोबर. माणसं दोन.

आता रागावू नकोस आणि पुढचं वाच.

माझ्या तुकडीत कुंडलचा जोतिबा होता. तुला त्याचं नाव कधी सांगितलं नाही. वरच्या चौकीवर बर्फ सरकला आणि तो त्याखाली गेला. आम्ही खूप खणलं. सापडला नाही. नंतर मी दर सुट्टीला कुंडलला त्याच्या आईकडं जायचो. रंगूबाई नाव. उसातनं वर यायची, हात पुसायची, आणि पाणी द्यायच्या आधी विचारायची, "आवं साहेब, तितं त्याला लय थंडी वाजत आसल न्हवं?" पहिल्या वर्षी मी म्हटलं, मावशी, अजून शोध चालू आहे. म्हातारीनं त्या वर्षी एक स्वेटर विणून माझ्याजवळ दिला. दुसऱ्या वर्षी आणखी एक. मी ते घेऊन वर जायचो आणि ट्रंकेत ठेवायचो. शोध चालू आहे म्हणून मी तिला धीर देत होतो, आणि ती डोळे फोडून लोकर विणत होती. तिसऱ्या वर्षी मी तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "न्हाई मावशी. आता त्याला थंडी वाजत न्हाई." तिनं हात पुसले. मग म्हणाली, "मंग बरं झालं." आणि चुलीकडं गेली. त्यानंतर स्वेटर विणला नाही.

सुमंता, विमा कशासाठी काढतात? पुढं काही होईल म्हणून. जिवंत माणसाला ताप येतो, पाय मोडतो, बॅग हरवते. राजसला जे व्हायचं ते झालं. आता कुठल्याच प्रदेशात त्याला काही होणार नाही. त्याचं नाव मला कागदावर लिहिता येत नाही, याचं कारण कंपनीचा नियम एवढंच नाही. मीच लिहिणार नाही.

तुमच्या दोघांना मात्र अजून काहीही होऊ शकतं. म्हणून तुमची नावं लिहिली आहेत, आणि परतीची तारीख लिहिली आहे. त्या तारखेनंतर मी जबाबदार नाही.

तुझा
शंभूराज


विश्रामबाग, सांगली
१३ सप्टेंबर २०२४

प्रिय शंभूराज,

कागद मिळाले. सही करून एक प्रत परत पाठवतो.

तू लिहिलं आहेस ते मी मान्य केलेलं नाही. पण तुझं पत्र फाडलंही नाही.

एक विनंती आहे. आम्ही नसताना तू इथे येऊन राहशील का? घर बंद ठेवायला मन घेत नाही. किल्ली शकुंतलाताईंकडे ठेवतो. राजेश्वरी डबे भरून ठेवेल.

संध्याकाळी फाटकाकडे लक्ष असू दे. तुला ऐकू येणार नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच तुला सांगतो आहे. ज्याला ऐकू येतं त्याला मी हे सांगू शकलो नसतो.

मागच्या पत्रात मी राजेश्वरीबद्दल लिहिलं होतं. तिच्यापेक्षा मीच जास्त बसतो. हे तुला बहुतेक कळलंच असेल.

सुमंत


विश्रामबाग
३ ऑक्टोबर २०२४

प्रिय सुमंता,

आज वडूजला घट बसले, संयोगिताचा सारखा निरोप येतोय. उद्या सकाळच्या गाडीनं निघतो, म्हणून हे पत्र टेबलावर ठेवतोय. तुम्ही संध्याकाळी याल. चिवडा संपवला. लाडू ठेवलेत.

फाटकाचं सांगतो. जसं झालं तसं लिहितो, जास्त नाही, कमी नाही.

मला कोणी आल्याचं ऐकू येत नाही. म्हणून मी दिवसभर फाटक सताड उघडं ठेवायचो आणि झोपताना लावायचो. पहिले तीन दिवस काही नाही. मी तुझ्या खुर्चीत बसायचो. दूधवाला, पेपरवाला, शकुंतलाताई, सगळी समोरून दिसायची. लावताना मी ओढूनच लावायचो, त्याची फरशीवर अर्धी गोल रेघ उठायची.

काल अमावास्या. दुपारी मोठी सर येऊन गेली आणि रस्त्यावरची तांबडी माती वाहून फाटकातल्या फरशीवर तिचा पातळ थर बसला. संध्याकाळी मी खुर्चीत होतो. फाटक उघडं होतं. शकुंतलाताईंनी ताटलीत वरण-भात दिला होता, तो कावळ्याला भिंतीवर ठेवला. पाणी राहिलं म्हणून आत गेलो आणि तांब्या घेऊन आलो. तेवढाच वेळ.

फाटक लावलेलं होतं. कडी पडलेली होती.

मी जवळ जाऊन बघितलं. मातीवर रेघ नव्हती, पाऊलही नव्हतं. वाऱ्यानं झालं म्हणशील. वारा फाटक लोटतो, उचलत न्हाई. शकुंतलाताईंना विचारलं, त्या त्यांच्या देवघरात होत्या. ताटलीतला भात तसाच होता, कावळा नंतर आला आणि शिवला.

मी फौजेतला माणूस आहे, भूत-खेत मानत नाही. मी तिथंच उभा राहून सलाम केला. का केला ते विचारू नकोस. हात आपोआप वर गेला.

त्यानंतर फाटकाला हात लावला नाही. आज सगळ्यांना मागच्या दारानं यायला लावलं. दूधवाला मला वेडा समजतोय. तुम्ही याल तेव्हा तेच फाटक उघडाल.

शंभूराज


विश्रामबाग, सांगली
१२ ऑक्टोबर २०२४

प्रिय शंभूराज,

आज दसरा. सोबत सोनं म्हणून आपट्याचं पान ठेवलं आहे. संयोगितालाही आशीर्वाद सांग.

आम्ही ठरल्या तारखेला परत आलो, हे तुला कळलंच आहे. तिथलं थोडं लिहितो.

तुझी आशियाची चूक तिथे गेल्यावर मला फार मोठी वाटली नाही. आम्हाला मिळालेला टॅक्सीवाला जुन्या वळणाचं मराठी बोलत होता, त्याच्या आजीने शिकवलेलं. पश्चिमेच्या किनाऱ्यावर न्या म्हटल्यावर, इतक्या किनाऱ्यांतून नेमकं तिथेच का, असं त्याने विचारलं नाही. राजेश्वरीच्या हातातली तिळाची पुडी बघितली आणि गाडी बाजूला लावून पाठ करून उभा राहिला.

मी दुसऱ्या बेटाच्या बोटींची चौकशी करायचं ठरवून गेलो होतो. केली नाही. राजेश्वरी गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि तिने पाणी दिलं. मग मला म्हणाली, "आता तुम्ही द्या." मी उभा राहिलो होतो, मला ओंजळ करता येईना. तिने माझे हात धरून जवळ आणले आणि त्यात तीळ टाकले. मी पाणी सोडलं. त्या वेळी आपल्याकडे संध्याकाळ उतरत असेल, तिथे सूर्य अजून वर होता.

किनाऱ्यावर बसल्यावर ती म्हणाली, "कडी मलाही ऐकू यायची."

मी विचारलं, "कधीपासून?"

"तुमच्या आधीपासून."

मी तिच्यावर रागावायला हवं होतं. रागावलो नाही. दोन वर्षं आम्ही शेजारी-शेजारी बसून तोच आवाज ऐकला आणि एकमेकांपासून लपवला. त्यापेक्षा वेगळं काही मला सुचलं नाही.

येताना मुंबईच्या विमानतळावर मी खिशातून पासपोर्ट काढून दिले. त्यात चुकून तिसराही गेला. अधिकाऱ्याने तो उघडला, फोटो बघितला आणि आमच्या मागे कोणी उभं आहे का ते बघितलं. "ये कहाँ हैं?" त्याने विचारलं. राजेश्वरी म्हणाली, "वो वहीं रह गया." इतक्या दिवसांत आम्हा दोघांपैकी कोणीतरी हे पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. अधिकारी माझ्याकडे बघत होता. मी तिचं म्हणणं दुरुस्त केलं नाही. त्याने तो पासपोर्ट तसाच परत दिला.

घरी पोचलो तेव्हा सामान घेऊन ड्रायव्हर पुढे गेला आणि त्याने फाटक ओढलं. मोठा आवाज झाला. आम्ही दोघंही थांबलो. मग आत येऊन तुझं पत्र वाचलं. मी वाचलं, नंतर राजेश्वरीने वाचलं, नंतर मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

त्या दिवसापासून कडी वाजलेली नाही. खुर्ची मी वरांड्यातच ठेवली आहे, पण भिंतीकडे सरकवली. सोमवारी मिस्त्री येणार आहे. या वेळी त्याला चहा काम झाल्यावर देऊ, असं राजेश्वरी म्हणाली.

तुझं पत्र नीट वाचलं. एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस. आमच्या फाटकाची कडी आतूनही पडते आणि बाहेरूनही हात घालून टाकता येते. फाटक लावणाऱ्याने ते आत येऊन लावलं की बाहेर जाताना लावलं, हे तू लिहिलेलं नाहीस. तुलाही ते सांगता येणार नाही.

आम्ही दोघांनी बसून ठरवलं आहे. बाहेर जाताना.

तुझा
सुमंत